आठ वाजता नव्हे, आठ दिवसांनी

हल्ली मला भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस सांगतो की, मॅडम, तुमचं काम आता मोबाईल करतो. मी म्हणते, करू दे. मोबाईलला अजून कुणी चौकशीला बसवलेलं नाही. मला बसवलं होतं. संपादकांनी या अंकासाठी 'व्यवसायातल्या गमतीजमती' मागितल्या आहेत. त्या थोड्या सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पण मला खरं सांगायचं आहे ते त्या चौकशीबद्दल.

मी इटालियन भाषेची दुभाषी. चिंचवड गावात वाढले, वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जर्मन शिकायला गेले, तिथं जागा शिल्लक नव्हती, शेजारच्या खोलीत इटालियन शिकवत होते, तिथं बसले. एवढीच माझ्या इटालियनप्रेमाची कथा. पुढं चाकणच्या पट्ट्यात इटालियन यंत्रं आली, त्यांच्याबरोबर माणसं आली आणि माझ्या हाताला कायमचं काम मिळालं.

लोकांना वाटतं, दुभाष्याला यंत्रांच्या अवघड शब्दांची अडचण येत असेल. अजिबात नाही. आपला फिटर आणि त्यांचा मेकॅनिक पाना हातात घेऊन यंत्रासमोर उभे राहिले की दोघांना माझी गरज उरत नाही. माझी गरज लागते ती 'कधी' या प्रश्नाला. सुटा भाग कधी येणार, माणूस कधी येणार, काम कधी संपणार. इतक्या वर्षांत मी पाहिलेली बहुतेक भांडणं वार, तारीख आणि वेळ यांच्यावरूनच झाली.

एकच उदाहरण घ्या. इटालियनमध्ये सोमवारला 'लुनेदी' म्हणतात. नुसतं लुनेदी म्हटलं की हा येणारा सोमवार. पण त्याच्या आधी 'इल' हे छोटंसं उपपद लावलं, 'इल लुनेदी' म्हटलं, की दर सोमवारी. आमच्या खरेदी विभागातल्या एका इंजिनिअरनं तिकडच्या एका पुरवठादाराला पत्रात लिहिलं, मला इल लुनेदी दुपारी दीडला फोन करा. त्याच्या मनात होतं, 'ऑन मंडे'. 'ऑन'च्या जागी काहीतरी हवं म्हणून त्यानं 'इल' टाकला. तो म्हातारा पुरवठादार शब्दाचा पक्का. तो दर सोमवारी दीडला फोन करू लागला. आमचा इंजिनिअर जेवणाचा डबा उघडायचा आणि फोन वाजायचा. दोन महिन्यांनी तो माझ्याकडे आला आणि हा माणूस नक्की काय विकतोय हे विचारून घ्या म्हणाला.

दुसरा एक क्वालिटीवाला होता. इटालियनमध्ये कामासाठी ठरवलेली भेट आणि प्रेमिकांची भेट या दोन्हींना एकच शब्द आहे, 'आप्पुंतामेंतो'. कुठली भेट ते बाकीच्या वाक्यावरून कळतं. यानं पाओलाला लिहिलं, शुक्रवारी संध्याकाळी मला तुमच्याबरोबर आप्पुंतामेंतो हवा आहे. पाओला म्हणजे यंत्रं पाठवणाऱ्या इटालियन कंपनीची मुख्य तंत्रज्ञ, पन्नाशीची, करड्या केसांची, वर्षातले चार महिने आमच्याकडे असायची. तिनं उलट लिहिलं की, हरकत नाही, तुमच्या पत्नीलाही आणा. तो आठवडाभर तिच्या समोरून गेला नाही.

अशा गोष्टींवर हसता येतं. पुढच्या गोष्टीवर मला कधी हसता आलेलं नाही.

कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती. मे महिन्यातली एक मीटिंग. इटलीहून साचे यायचे होते, ते आले की नवी लाईन सुरू होणार होती. त्यांच्या कागदावर तारीख होती ६/७. इटालियन माणूस आपल्यासारखाच दिवस आधी लिहितो, महिना नंतर. म्हणजे सहा जुलै. पण आमच्या नियोजनवाल्यांना अमेरिकन गिऱ्हाइकाची सवय. ते महिना आधी लिहितात. पडद्यावर तक्ता लागला, त्यात साचे सात जूनला येणार होते.

मला ते दिसलं. मी मागच्या खुर्चीत होते. दोनच दिवसांपूर्वी एका साहेबांनी मला बजावलं होतं की, दुभाष्यानं विचारल्यावर बोलायचं, मीटिंग चालवायची नाही. मला राग होता. मनात म्हटलं, नका विचारू मग. आणि असंही वाटलं की, एवढ्या लोकांपैकी कुणीतरी ताडून पाहीलच. कुणी पाहिलं नाही.

नव्या लाईनवर कामाला ठेकेदारानं लातूर-जालन्याकडून माणसं आणली. ती बायकापोरांसह चाकणजवळच्या निघोज्यात खोल्या घेऊन राहिली. सात जून आला, साचे आले नाहीत. थोडे दिवस वाट पाहून ठेकेदारानं सगळ्यांना परत पाठवलं. मी कंपनीच्या गाडीतून जात होते, तेव्हा निघोजे फाट्यावर त्यातली काही माणसं एसटीची वाट पाहत उभी होती. ड्रायव्हर पाणी घ्यायला उतरला, मीही उतरले. एका बाईच्या पायाशी भांड्यांचं गाठोडं होतं, वर शेगडी बांधलेली. तिच्या पोरीच्या पाठीवर नवं दप्तर होतं. निघोज्याच्या शाळेत नाव घातलं होतं, ते काढून आणलं होतं. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून तिनं विचारलं, "बाई, ती तारीख कुनी सांगितली हुती?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

माझ्या नोकरीतलं मी केलेलं सर्वांत खोटं भाषांतर तेच. त्यानंतर मी एक नियम केला. माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तारीख अक्षरात लिहायची, वारासकट, महिन्याच्या नावासकट, आणि दोन्ही बाजूंची सही घ्यायची. साहेब लोक मला 'तारीखवाली' म्हणायला लागले. तोंडावरही म्हणायचे. मी सही झाल्याशिवाय कागद सोडला नाही.

आता मूळ गोष्ट.

चाकणच्या ज्या कंपनीत मी शेवटची काही वर्षं होते, तिथं पाओलाच्या कंपनीच्या मोठ्या प्रेस होत्या. प्रेस म्हणजे पत्र्यावर प्रचंड वजनाचा साचा दाबून गाडीचे भाग घडवणारं यंत्र. मनुष्यबळ आणि प्रशिक्षण अशी दोन्ही खाती सांभाळणारे देवल साहेब होते. त्यांनी मला इटालियनचा वर्ग घ्यायला सांगितलं. आठ इंजिनिअर आणि, पाओलानं हट्ट धरला म्हणून, चार ऑपरेटर. वर्ग इंग्रजीतून घ्यायचा, अशी सूचना होती. पुस्तकही तसंच दिलं होतं, इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं.

ऑपरेटरांमध्ये दत्ता शेळके होता. बीड जिल्ह्यातला, आयटीआय केलेला, दिघीला बायको आणि आईसह राहायचा. इंग्रजी वाचायचा, बोलायला कचरायचा. पहिले तीन तास तो वहीत मान घालून बसला. मी पुस्तकाप्रमाणे शिकवत होते की, इंग्रजीत 'फिफ्थ ऑफ मे' म्हणतात, इटालियनमध्ये मात्र 'पाचवा' म्हणायचं नाही, नुसता पाच आकडा म्हणायचा, 'चिंक्वे माज्जो'. इंजिनिअर लिहून घेत होते, चुकत होते, पुन्हा लिहीत होते. फक्त महिन्याचा पहिला दिवस याला अपवाद, त्याला 'प्रीमो', म्हणजे पहिला, म्हणायचं. तेव्हा दत्ता पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मॅडम, ह्यात शिकायचं काय? आपन पाच तारीखच म्हनतो की. पाचवी कोन म्हनतं? अन पगाराला पहिली तारीख."

मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी मुलांना इंग्रजीच्या दारानं वळसा घालून नेत होते. त्या दिवशी सगळा वर्ग मराठीत घेतला. साडेतीनला इटालियन माणूस 'तीन आणि अर्धा' म्हणतो, पावणेचारला 'चाराला पाव कमी' म्हणतो. म्हणजे आपलंच पावणेचार. परवा येणाऱ्या दिवसाला त्यांच्याकडे एक सुटसुटीत शब्द आहे, इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात. आणि आठवडा. इटालियन माणूस एका आठवड्याला आठ दिवस म्हणतो, दोन आठवड्यांना पंधरा दिवस. इंजिनिअर म्हणाले, पण आठवडा सात दिवसांचा असतो. दत्तानं त्यांना समजावलं, मंगळवारच्या बाजाराला गेलो अन पुन्हा मंगळवारच्या बाजाराला गेलो की आठ दिवस झाले, दोन्हीकडचे मंगळवार मोजायचे.

तिथून मी पुढच्या पायरीवर गेले. 'मार्तेदी आल्ले ओत्तो' म्हणजे मंगळवारी आठ वाजता. 'मार्तेदी आ ओत्तो', 'आल्ले' नव्हे, नुसता 'आ', म्हणजे येत्या मंगळवारी नाही, तिथून आठ दिवसांनी, पुढच्या मंगळवारी. मी फळ्यावर दोन्ही लिहून बारा जणांकडून वीस-वीस वेळा म्हणून घेतलं.

देवल साहेब एकदा वर्गात येऊन मागे बसले. संपल्यावर म्हणाले की, मॅडम, हा कॉर्पोरेट प्रोग्रॅम आहे, मराठी शाळा नाही, आणि ऑपरेटर पुढच्या बाकावर कशाला? मी म्हणाले की, ज्याला लवकर कळतं तो पुढे बसतो. पुढच्या महिन्यात वर्ग बंद झाला. भाषांतरासाठी कंपनीनं एक ॲप घेतलं, मला फक्त बैठकांपुरतं बोलवायचं ठरलं.

काही महिन्यांनी, एका गुरुवारी, पाओलानं तीन नंबरच्या प्रेसची तपासणी केली. ब्रेक खराब झाला होता. ब्रेक धरला नाही तर वर थांबलेला साचा आपोआप खाली येतो, आणि पत्रा ठेवणाऱ्याचे हात खालीच असतात. नवा भाग इटलीहून यायला वेळ होता. पाओलानं इटालियनमध्ये दोन ओळींची सूचना पाठवली आणि दुसऱ्या प्लांटच्या कामाला गुजरातकडे गेली. सूचना अशी होती की, प्रेसला हात लावू नका, ब्रेक आपण 'मार्तेदी आ ओत्तो' बदलू.

ॲपनं लिहिलं, मंगळवारी आठ वाजता. तो कागद यंत्रावर चिकटवला गेला. वर इंग्रजी, खाली मूळ इटालियन. मला कुणी बोलावलं नाही, म्हणून माझी सहीची अटही नव्हती.

मंगळवारी सकाळी आठला ग्रीस भरणारी दोन माणसं नेहमीप्रमाणे आली, तीन नंबरच्या मागे काम करून गेली. शिफ्टचे प्रमुख जगदाळे यांनी त्यांना बाहेर पडताना पाहिलं. त्यांची समजूत झाली की ब्रेक बदलला. त्यांच्यावरही माल काढायचा दाब होता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. दहा वाजता त्यांनी दत्ताला प्रेस सुरू करायला सांगितलं.

दत्तानं खालची ओळ वाचली होती. गुरुवारीच त्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप घातलं होतं, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, असा तिथला सुरक्षेचा नियम आहे. तो म्हणाला की, ब्रेक बदलायला अजून आठ दिवस आहेत. जगदाळ्यांनी वरची ओळ दाखवली. दत्तानं खालची दाखवली. जगदाळे म्हणाले, तू मला इंग्रजी शिकवणार का? दत्ता म्हणाला, नाही साहेब, इटालियन. हे ऐकून चार माणसं हसली आणि प्रकरण तिथंच बिघडलं. किल्ली दे म्हटल्यावर त्यानं दिली नाही. दुपारी त्याला निलंबनाचं पत्र मिळालं, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली आणि प्रेस बंदच.

पुढच्या मंगळवारी पाओला आली, ब्रेक उघडला. आतलं अस्तर झिजून ते धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत गेलं होतं, ब्रेक धरलाच नसता. तिनं तो तुकडा हातात घेऊन जगदाळ्यांना दाखवला. मला वाटलं, आता संपलं. पण देवल साहेबांचं म्हणणं होतं की, ब्रेक खराब होता हे मान्य, प्रश्न शिस्तीचा आहे. त्या दिवशी, त्या क्षणी, सूचना संदिग्ध होती. संदिग्ध असेल तर वरिष्ठांचं ऐकायचं. दत्तानं ऐकलं नाही. चौकशी बसली.

चौकशीच्या आदल्या दिवशी देवल साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माझा करार त्या महिन्यात संपत होता आणि नूतनीकरणाचा कागद त्यांच्या टेबलावर होता. तो त्यांनी झाकला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगत नाही. दोन्ही अर्थ निघू शकतात, एवढंच म्हणा. भाषेत असं असतंच ना?"

मी म्हणाले, असतं. या वाक्यात नाही.

घरी येऊन मी रात्रीचा स्वयंपाक केला, जेवले आणि झोपले. लोकांना वाटतं की अशा वेळी माणूस तळमळतो. माझं तळमळून झालं होतं, पुष्कळ वर्षांपूर्वी, निघोज्याहून परतल्यावर.

चौकशीला बाहेरून आणलेले एक वकील अधिकारी म्हणून बसले होते. वयस्कर, कमी बोलणारे. एका बाजूला देवल आणि जगदाळे, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला दत्ता. मला ती ओळ वाचून अर्थ सांगायला सांगितलं. मी वाचली. म्हणाले, मंगळवारपासून आठ दिवसांनी, याला दुसरा अर्थ नाही. वेळ सांगायची असती तर 'आल्ले ओत्तो' लिहिलं असतं.

देवल साहेब म्हणाले की, हा बारकावा तज्ज्ञाला कळेल, एका ऑपरेटरला कसा कळावा? त्याचा अंदाज बरोबर निघाला, इतकंच.

मी अधिकाऱ्यांना विचारलं की, अंदाज होता की ज्ञान, हे आत्ताच तपासता येईल, तपासू का? त्यांनी होकार दिला. मी सहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सहा ओळी लिहिल्या. रविवारी आठ वाजता. रविवारपासून आठ दिवसांनी. दर शुक्रवारी. येत्या शुक्रवारी. आजपासून पंधरा दिवसांनी. दुपारी पावणेचारला. सगळ्या इटालियनमध्ये. म्हणाले, या शेळक्यांना द्या, आणि याच देवल साहेबांनाही द्या, त्यांच्या ॲपसकट.

देवल साहेबांनी चिठ्ठ्यांना हात लावला नाही. दत्तानं एकेक उचलली, वाचली आणि मराठीत अर्थ सांगितला. सहाही बरोबर. पावणेचारला तर त्यानं वाक्य पूर्ण वाचायच्या आधीच उत्तर दिलं. अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवून त्याला विचारलं की, तुम्हाला शंका होती, तर वरिष्ठांना नीट का विचारलं नाही?

दत्ता म्हणाला, "साहेब, शंका असती तर इचारलं असतं. मला शंका नव्हती. त्या साच्याखाली माझे हात जानार होते, जगदाळे साहेबांचे नाही."

जगदाळे खाली पाहत होते. त्यांनी पुढं त्याच्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नाही, हेही मी नोंदवते.

निकाल लागला. निलंबन मागे घेतलं, दत्ता कामावर गेला. पण कंपनीला पूर्ण हार मानवत नाही. 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन' म्हणून एक ताकीदपत्र त्याच्या फायलीत लावलं गेलं. तो इटालियनबद्दलचा टोला, चार माणसं हसली होती ना, त्याची ती शिक्षा. आणि माझ्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. भाषांतराचं काम आता पूर्णपणे डिजिटल झालं आहे, असं कारण दिलं. गेटवर ओळखपत्र जमा करून मी बसनं घरी आले.

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. काम मला आवडायचं. यंत्राच्या आवाजात ओरडून बोलायला आवडायचं. पाओलाबरोबर टपरीवर कटिंग प्यायला आवडायचं. पण मी जे बोलले ते परत घेण्याचा विचार एक दिवसही मनात आला नाही. आता चिंचवडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी वर्ग घेते. चाकण, भोसरीतल्या कंपन्यांतून फिटर, ऑपरेटर, दोन मुली पॅकिंगमधल्या, शिफ्ट सांभाळून येतात. शिकवते मराठीतून. इंग्रजी चांगलं येणारे इंजिनिअरही येतात, त्यांना जरा जास्त वेळ लागतो, तेवढा मी देते.

देवल साहेब दुसरीकडे गेले. यंदा त्यांच्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला. आणखी दोन प्रेस येणार आहेत, ॲपचे काही घोळ झाले आहेत, तुम्ही परत याल का, अटी तुमच्या. मी म्हणाले, अट एकच. दत्ता शेळक्याच्या फायलीतलं ताकीदपत्र काढा. त्या म्हणाल्या की, ते जुनं प्रकरण आहे, रेकॉर्डवरचा कागद असा काढता येत नाही. मी म्हणाले, ज्या कंपनीनं लावला तिलाच काढता येतो.

हे दत्ताला कळलं. तो दिघीहून मुद्दाम घरी आला, बायकोला घेऊन. म्हणाला की, मॅडम, जावा तुम्ही, त्या कागदानं माझं काही अडलेलं नाही. त्याच्या बायकोनं होकारार्थी मान हलवली. मी चहा ठेवला आणि त्याला सांगितलं की, तुझं अडलेलं नसेल, माझं अडलं आहे.

बाईंचा दर महिन्याला फोन येतो. मी दर महिन्याला तेच सांगते. तो कागद आजही फायलीत आहे आणि मी आजही गेटच्या बाहेर आहे. दोघांपैकी आधी कोण हलतं ते बघू.